शेकाट्यांची पिल्लं का जगत नाहीत?

प्रश्न : आमच्या गावच्या पाझर तलावात दर उन्हाळ्यात शेकाटे येतात, मधल्या उंचवट्यावर अंडी घालतात, पण पिल्लं काही दिसत नाहीत. परदेशात समुद्रकाठच्या अभयारण्यांत अशा पक्ष्यांसाठी बेटं करतात म्हणे. इथे जमेल का?
— एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : जमेल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर मिन्समिअरची दलदलीची कुरणं युद्धकाळात शत्रू उतरू नये म्हणून पाण्याखाली घातली होती. तिथे १९४७ साली उचाट्या या शेकाट्याच्याच कुळातल्या पक्ष्याची वीण पुन्हा सुरू झाली. पुढे उथळ तळी खोदून त्यांत मुद्दाम बेटं केली गेली. तिथे पाण्याची पातळी दारांनी राखता येते. पाझर तलावाला ती सोय नाही, आणि बहुधा तुमची अडचण हीच आहे. एप्रिल-मे महिन्यांत पाणी हटतं, उंचवटा काठाला जोडला जातो आणि कुत्री, मुंगूस पायी पोहोचतात.

म्हणून बेटापेक्षा त्याभोवतीचा खंदक महत्त्वाचा. तलाव ज्या खात्याकडे आहे त्याची आणि ग्रामपंचायतीची लेखी संमती घ्या. गाळ काढायला जेसीबी येईल तेव्हाच हे उरकता येतं. मात्र तळात कुठेही अंडी-पिल्लं नाहीत याची आधी खात्री करा. भरावापासून लांब, शेवटपर्यंत पाणी टिकतं अशी जागा निवडा. खंदक १५ फूट रुंद, साडेतीन फूट खोल. मुरूम लागला की तिथेच थांबा, नाहीतर पाणी झिरपून जाईल. खंदकातला गाळ बेटासाठी वापरा, उरलेला शेतात न्या.

बेटाचा माथा ३० बाय २० फूट पुरे. एप्रिलच्या मध्याला पाणी कुठे असतं तिथे खुंटी ठोकून ठेवा. माथा त्याच्या दीड फूट वर हवा. उतार फूटभर उंचीला आठ-दहा फूट लांब असा सपाट हवा, ताटाच्या काठासारखा उभा नको. शेकाट्याची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच चालू लागतात आणि ओल्या चिखलात स्वतःच किडे टिपतात. कडा उभी असेल तर त्यांना चिखलापर्यंत जाता-येता येत नाही.

काळी माती तापते, भेगाळते, पायाला चिकटते. माथ्यावर तीन इंच बारीक खडी पसरा. दीड ब्रास लागेल. चार-पाच जुनी कौलं तिरकी टेकवून ठेवा, पिल्लांना सावली होते. पावसाळ्यात बेट बुडेल, बुडू द्या. त्याने गवत मरतं. वाहून गेलेली खडी आणि उगवलेली बेशरमची झुडपं मार्चआधी पाहा. जवळची वेडी बाभूळ काढा, कावळे तिच्यावरूनच टेहळणी करतात.

वीण सुरू झाली की बेटावर पाय नको. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागले की तुम्ही फार जवळ आलात. लगेच मागे फिरा. खान्देशातल्या उन्हात उघडी अंडी थोड्या वेळात निकामी होतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात काही घरटी बुडतील. मोसम उरला असेल तर जोडी पुन्हा अंडी घालते.

प्रश्न : कपाशीच्या रानात टिटवीची अंडी आहेत आणि नांगरट राहिली आहे. अंडी उचलून बांधावर ठेवू का?
— एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : नको. जागा बदलली की टिटवी ती बहुधा सोडून देते, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने अंड्यांना हात लावणंही चालत नाही. चारही बाजूंना दहा-दहा फुटांवर काठ्या रोवा आणि तेवढा तुकडा सोडून ट्रॅक्टर चालवा. उबवणीला साधारण चार आठवडे लागतात. पिल्लं निघाली की एक-दोन दिवसांत आई-बाप त्यांना घेऊन जागा सोडतात. मग राहिलेलं नांगरून घ्या.