बिलोरी कशाला म्हणावे?

एकोणिसाव्या शतकातल्या, साच्यात दाबून काढलेल्या नक्षीदार काचेच्या फुलदाणीला 'कटग्लास' म्हणावे की 'बिलोरी', अशी विचारणा झाली आहे.

'कटग्लास' तर मुळीच नको. काचेवर नक्षी उठलेली दिसली की सरसकट 'कटग्लास' म्हणायची खोड आता जुन्या वस्तूंच्या दुकानदारांनाही लागली आहे. कटग्लासची नक्षी चाकावर कापलेली असते, तिच्या कडा बोटाला जाणवतात. ही काच निराळी. अमेरिकेत १८२०च्या दशकात तरफेचे यंत्र आले. धातूच्या साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा टाकायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. इंग्लंडात १८४५ साली काचेवरचा अबकारी कर उठला आणि पुढे गेट्सहेडच्या सोअर्बी कारखान्याने असल्या फुलदाण्यांचा मोठा व्यापार केला. मोराच्या डोक्याची त्यांची छाप १८७६ची. बाहेरून साच्याच्या सांध्याची बारीक रेघ, नक्षीच्या कडा बोथट आणि आतून भांडे गुळगुळीत, या खुणा बघा. दट्ट्या परत वर निघायला हवा, म्हणून पोट फुगीर आणि गळा आवळलेला असा घाट नुसत्या दाबाने निघतच नाही. तोंडाची झालर असेल तर ती नंतर काच तापवून हाताने काढलेली.

'बिलोरी' म्हणजे मुळात स्फटिकाचा. हा शब्द 'फारसी' असा शेरा मारून मोकळे होणारे कोशकार वाचकाला अर्ध्या वाटेवर सोडतात. फारसी-अरबी 'बिल्लौर'च्या मागे ग्रीक 'बेरुल्लोस' आहे, आणि त्याच्याही मागे प्राकृत 'वेरुलिय', पालीतले 'वेळुरिय', म्हणजे आपले 'वैडूर्य' हे रत्न! चष्म्याला जर्मनमध्ये 'ब्रिले' म्हणतात, तोही याच घराण्यातला. वेरूळच्या लेण्यांशी मात्र 'वेरुलिय' जोडू नका. त्या गावाचे जुने नाव एलापूर, नुसत्या नादसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.

पाणिनी 'वैडूर्य' हा शब्द 'विदूर' या स्थळनामावरून साधतो. त्याचा भाष्यकार पतंजली याने तिथेच शंका काढली आहे: रत्न निघते वालवाय पर्वतावर, विदूरला त्यावर फक्त संस्कार होतो, मग नाव विदूरचे का? उत्तरादाखल तो म्हणतो, व्यापारी वाराणसीला 'जित्वरी' म्हणतात, तसे वैयाकरण वालवायलाच 'विदूर' म्हणत असतील. ही सारवासारव मला पटत नाही. माल जिथे घडतो तिथलेच नाव बाजारात चालते, त्याला पर्वताचे नाव बदलायची काय गरज? माझ्या मते प्राकृत शब्द आधीचा, दक्षिणेतल्या रत्नांच्या व्यापारातला, आणि 'वैडूर्य' हे त्याला मागाहून चढवलेले संस्कृत रूप.

रत्नाचे नाव स्फटिकाला कसे लागले, याचा धागा मला प्लिनी या रोमन लेखकात दिसतो. भारतीय लोक स्फटिक रंगवून नकली वैडूर्य करतात, असे त्याने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. नकली मालाबरोबर नावही स्फटिकावर उतरले असणार. तिथून ते स्वच्छ काचेवर आले आणि 'बिलोरी आरसा' झाला. या फुलदाणीची काच पारदर्शक असेल तर खुशाल 'बिलोरी' म्हणा. सोअर्बीने हस्तिदंती रंगाची, चिनी मातीसारखी अपारदर्शक काचही काढली होती, तिला मात्र नाही.