मेक्सिकोत एकाच पक्षाने ७१ वर्षं राज्य कसं केलं? आताचा मोरेना पक्ष म्हणजे तोच जुना पक्ष नव्या रंगात आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "निवडणुका तर वेळेवर व्हायच्या म्हणे, मग लोक पक्ष का बदलत नव्हते?" या एका ओळीमुळेच उत्तर लिहायला बसलो.

आधी माझ्याबद्दल. मी मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी करतो. इथे मला मत नाही. शिवाय इथल्या राज्यघटनेचं ३३वं कलम परदेशी माणसाला देशाच्या राजकारणात नाक खुपसायला साफ मनाई करतं. त्यामुळे कँटीनमध्ये वाद पेटला की मी मान खाली घालून जेवतो. मराठीत लिहिलं तर कोणाला कळतंय!

'मतपेट्या पळवायचे, दुसरं काय' हे उत्तर इथलेही निम्मे लोक देतात. पण नुसत्या मतपेट्या पळवून कोणी ७१ वर्षं टिकत नाही. तो पक्ष, म्हणजे 'प्री', टिकला, कारण त्याने माणूस टिकू दिला नाही.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. पोर्फिरियो दियासने तीसेक वर्षं खुर्ची सोडली नाही, म्हणून १९१० मध्ये क्रांती झाली. तिचा पुढारी फ्रान्सिस्को मादेरो याची घोषणा होती, 'मत खरं हवं, फेरनिवडणूक नको.' पुढे माजी राष्ट्राध्यक्ष आल्वारो ओब्रेगोनने घटनेत बदल करून घेऊन दुसऱ्यांदा निवडणूक लढवली. जिंकलाही. पण १७ जुलै १९२८ ला मेक्सिको सिटीतल्या एका रेस्तराँत त्याचा सत्कार चालू असताना, व्यंगचित्रं काढून दाखवायच्या निमित्ताने एक तरुण जवळ आला आणि त्याने गोळ्या घातल्या. शपथविधी राहूनच गेला.

तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष होता प्लुतार्को एलियास काय्येस. सगळे सेनापती, प्रांतोप्रांतीचे दादा, कामगार पुढारी एकमेकांच्या जिवावर उठलेले. त्याने १९२९ मध्ये या सगळ्यांना एका पक्षात कोंबलं. हेतू निवडणूक जिंकण्याचा नव्हता, आपसातल्या मारामाऱ्या छपराखाली आणण्याचा होता. काय्येसला स्वतःला मात्र पडद्याआडून कारभार सोडवेना. शेवटी त्यानेच गादीवर बसवलेल्या लाझारो कार्देनासने १९३६ मध्ये त्याला विमानात बसवून अमेरिकेत धाडलं. तिथून नियम पक्का झाला: सहा वर्षं तू राजा, सातव्या वर्षी तू कोणी नाहीस.

कार्देनासने पक्षाला पाया दिला. जवळपास १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली, १९३८ मध्ये तेल कंपन्या सरकारजमा केल्या, आणि शेतकऱ्यांची, कामगारांची, पुढे नोकरदारांची संघटना थेट पक्षाचाच भाग केली. जमीन मिळाली पण ती सामाईक, विकता न येणारी. कर्ज सरकारी बँकेचं, बी-बियाणं सरकारी. गावात पक्षाशी वाकडं घेणं म्हणजे पेरणीशी वाकडं घेणं. (आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच काळात इथे होते. चापिंगोच्या शेतकी विद्यापीठात त्यांचा पुतळाही आहे. पण तो वेगळ्या उत्तराचा विषय.) १९४६ मध्ये पक्षाचं नाव झालं 'संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष', इथल्या तोंडात नुसतं 'प्री'. क्रांती आणि तीही संस्थात्मक! या नावावर इथे अजून विनोद होतात.

मी कल्पना करतो ती अशी: गावजेवणात एक पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, आणि दुसरीतले लोक ताटकळत उभे राहतात, कारण आपली पाळी येणार याची त्यांना खात्री असते. दर सहा वर्षांनी राष्ट्राध्यक्षापासून पार तालुक्यापर्यंत हजारो खुर्च्या मोकळ्या व्हायच्या. मग बंड कशाला करायचं? थांबायचं. कामगार पुढारी फिदेल वेलास्केसच्या नावावर एक वाक्य खपतं, 'जो हलेल तो फोटोत येणार नाही.' हा गृहस्थ स्वतः १९९७ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी मरेपर्यंत फोटोत होता. आणि पदाला इथे म्हणतात 'वेसो', म्हणजे हाड.

पुढचा राजा कोण हे जाणारा राजा ठरवायचा. त्याला शब्द 'देदासो', म्हणजे बोट दाखवणं. ज्याच्याकडे बोट जाणार तो माणूस जाहीर होईपर्यंत 'तापादो', झाकलेला. मंत्र्यांपैकी झाकलेला कोण यावर महिनोन् महिने पेपरांत तर्क चालायचे. खरी निवडणूक ती. नंतर व्हायचं ते लग्न लागल्यावरचं वऱ्हाड.

विरोधी पक्ष होता बरं का. उजवा 'पान' पक्ष १९३९ पासून आहे आणि प्रीला तो हवाही होता. १९७६ मध्ये पानच्या अंतर्गत भांडणात उमेदवारच ठरला नाही आणि लोपेस पोर्तियो हा एकटाच नोंदणीकृत उमेदवार राहिला. तेव्हा प्रीचीच पंचाईत झाली. कुस्तीत समोर कोणी नसेल तर फेटा कशाचा बांधणार? पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा बदलून विरोधकांसाठी संसदेत प्रमाणशीर जागा ठेवल्या.

आता लबाडी. ती होतीच, आणि तिचा शब्दकोश इतका रसाळ आहे की मी वहीत उतरवून ठेवलाय. मतदानाआधीच भरलेली पेटी म्हणजे 'गरोदर पेटी'. चारपाच मतपत्रिका एकात एक गुंडाळून टाकल्या तर तो 'टाको'. या केंद्रावर नाव नाही, त्या केंद्रावर जा, तिथेही नाही, असं मतदाराला दिवसभर पळवलं की तो 'वेडा उंदीर'. रात्रीतून आकडे फिरवणारे कार्यकर्ते 'मापाचे', म्हणजे रॅकून. डोळ्यांभोवती चोराचा काळा पट्टा असतो ना, म्हणून. सकाळी वस्तीतल्या बायकांना नाश्त्याला बोलवायचं, तमाल (मक्याच्या पिठाचे उकडलेले मुटके) खाऊ घालायचे आणि तिथूनच रांगेत न्यायचं, ही 'तमाल मोहीम'. बसमधून सभेला आणलेली माणसं 'आकार्रेआदो', वाहून आणलेली. त्यांचा भत्ता ठरलेला: एक तोर्ता (भरलेला पाव) आणि एक थंड पेय. आपल्याकडचा वडापाव आठवला की नाही?

१९८८ ला मात्र सगळंच अंगावर आलं. कर्जाच्या संकटाने पैसा आटला होता. त्याच कार्देनासचा मुलगा क्वाउतेमोक प्रीतून फुटून समोर उभा राहिला. मोजणीच्या रात्री सुरुवातीचे आकडे विरोधात जाऊ लागले आणि गृहखात्याकडून कळलं की यंत्रणा बंद पडली. 'से कायो एल सिस्तेमा', सिस्टीम पडली. हे चार शब्द इथे आजही म्हण म्हणून वापरतात. आमच्या कारखान्यात सर्व्हर बंद पडला तरी कोणीतरी हे म्हणतंच. सिस्टीम उठली तेव्हा प्रीचे सालिनास ५० टक्क्यांच्या किंचित वर होते. मतपत्रिका नंतर संसदेच्या संमतीने जाळून टाकल्या. तेव्हाचे गृहमंत्री मान्वेल बार्तलेत हे नाव लक्षात ठेवा.

इतकी नाचक्की झाल्यावर निवडणूक यंत्रणा उभी राहिली, ती मला या देशाची सगळ्यात मोठी कमाई वाटते. १९९० मध्ये निवडणूक संस्था, १९९६ मध्ये ती सरकारच्या हातातून पूर्ण बाहेर. १९९७ मध्ये प्रीने संसदेच्या खालच्या सभागृहातलं बहुमत गमावलं, २००० मध्ये पानच्या विसेंते फॉक्सने राष्ट्राध्यक्षपद घेतलं. खिडकीची काच न फुटता ७१ वर्षं संपली.

ही यंत्रणा चालते कशी हे मी २ जून २०२४ ला घरमालकिणीच्या कृपेने पाहिलं. बाईंचं वय साठीच्या पुढे, शिवणकाम करतात. मतदान केंद्रावरची माणसं इथे सरकारी नोकर नसतात. जन्ममहिना आणि आडनावाचं आद्याक्षर यांची सोडत निघते आणि त्यातून तुमचा शेजारीच केंद्राधिकारी होतो. बाईंचं नाव निघालं. संस्थेची एक मुलगी घरी येऊन, आमच्या जेवणाच्या टेबलावर नमुना मतपत्रिका पसरून त्यांना शिकवून गेली. मत बाद कधी, ओळखपत्राला खूण कुठे करायची, उजव्या अंगठ्याला शाई कशी लावायची. बाईंनी सगळं शिवणाच्या मापांच्या वहीत लिहून घेतलं.

मतदान रविवारी, सकाळी आठ ते सहा, कोपऱ्यावरच्या प्राथमिक शाळेत. सहानंतर पेट्या तिथेच उघडल्या. गल्लीतलीच माणसं, बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून, प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीसमोर एकेक कागद उलगडत होती. अकरा वाजून गेले तरी बाई आल्या नाहीत, म्हणून मी डबा घेऊन गेलो. तेवढ्यात आतून त्या आणि एक कॉलेजातला मुलगा भलामोठा कागद घेऊन आले आणि त्यांनी तो शाळेच्या फाटकाला चिकटवला. त्या केंद्रावर कोणाला किती मतं, मार्करने लिहिलेली. या कागदाला लोक 'साबाना' म्हणतात, चादर. फाटकाबाहेर उभ्या लोकांनी मोबाइलवर फोटो काढले. अशी देशभरात १ लाख ७० हजारांच्या आसपास केंद्रं. दिल्लीत म्हणा किंवा मेक्सिको सिटीत, वर कोणी आकडा फिरवला तरी फाटकावरचा आकडा गल्लीने पाहिलेला असतो. तिथे मापाचेचं काही चालत नाही.

त्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठी मोरेनाच्या क्लाउदिया शेनबाउम जवळपास ६० टक्के मतांनी जिंकल्या, ३२ पैकी ३१ राज्यांत. समोर कोण होतं माहितेय? प्री आणि पान, एका आघाडीत! ज्यांनी सत्तर वर्षं एकमेकांना शिव्या घातल्या, त्यांनी एकच उमेदवार दिला. दोघांचं जे काही उरलं होतं तेही त्यात गेलं. तिसरा साथीदार पेआर्दे, एकेकाळचा मुख्य डावा पक्ष, त्याची तर राष्ट्रीय नोंदणीच रद्द झाली.

तर मग मोरेना. आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर, इथे नुसते 'आम्लो', मूळचे ताबास्कोतल्या प्रीचेच. २००६ मध्ये एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले, निकाल मानला नाही, राजधानीच्या मुख्य रस्त्यावर तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे बसले. २०१२ लाही हरले. मग स्वतःचा पक्ष काढला, २०१४ मध्ये नोंदवला आणि २०१८ ला ५३ टक्के मतांनी आले. नावातही हुशारी आहे. मोरेना म्हणजे सावळी, आणि ग्वादालुपेच्या देवीला, म्हणजे इथल्या मेरीमातेला, लोक लाडाने सावळीच म्हणतात. मग आम्लोंच्या सरकारात वीज कंपनीच्या प्रमुखपदी कोण बसलं? १९८८ चे तेच बार्तलेत. माझ्या घरमालकिणीचे दिवंगत यजमान क्वाउतेमोक कार्देनासचे कट्टर कार्यकर्ते होते. ही बातमी ऐकायला ते नव्हते ते बरं, असं त्या म्हणतात.

बोट दाखवण्याची रीतही पूर्ण गेली नाही. वारसदारांच्या यादीला आम्लो स्वतःच 'कोर्चोलाता' म्हणायचे, बाटलीची बुचं. आणि बूच उघडणारा मी. निवड जनमत चाचणीने झाली, हरलेल्या मार्सेलो एब्रार्दनी आधी आरडाओरडा केला, नंतर मंत्री झाले. पंगतीचा नियम तोच: उठून जाऊ नका, पुढच्या वाढपाला आहात.

पण 'मोरेना म्हणजे प्री' हे समीकरण मला अर्धंच पटतं. प्रीला आकडे तयार करावे लागायचे, मोरेनाला मतं खरोखर मिळतात. वाढलेलं किमान वेतन, म्हाताऱ्यांच्या खात्यात थेट येणारी पेन्शन, हे लोकांना दिसतं. आमच्या बाईंनाही मिळते. विरोधक त्याला मतखरेदी म्हणतात. मला नाही वाटत तसं, निवडून आलेल्या सरकारने पेन्शन वाढवू नये तर काय करावं?

माझी शंका दुसरीकडे आहे. २०२४ ला मोरेनाच्या आघाडीला साधारण ५५ टक्के मतं मिळाली, पण खालच्या सभागृहात ५०० पैकी ३६४ जागा. मतांच्या प्रमाणापेक्षा जास्तीच्या जागांना असलेली मर्यादा आघाडीला न लावता एकेका पक्षाला लावली गेली, म्हणून. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, घटना बदलायला हवे होते ८६, होते ८३. दोघे पेआर्देचे येऊन मिळाले, शेवटचा पानचा. अशा उड्या मारणाऱ्यांना इथे 'चापुलिन' म्हणतात, नाकतोडे. वाहाका राज्यात चापुलिन तळून मीठमिरची लावून खातात, राजकारणातले मात्र पचायला जड. ८६ विरुद्ध ४१ ने न्यायव्यवस्थेची दुरुस्ती मंजूर झाली आणि १ जून २०२५ ला लोकांनी न्यायाधीश निवडले, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत.

लोकांनी म्हणजे १३ टक्क्यांनी. बाई मला बरोबर घेऊन गेल्या. मी फाटकाबाहेर थांबलो. सहा रंगांच्या सहा मतपत्रिका, त्यावर उमेदवारांचे क्रमांक चौकोनात हाताने लिहायचे. एवढ्या नावांतलं कोण ओळखीचं असणार? म्हणून गल्लोगल्ली छापील चिठ्ठ्या फिरल्या, कोणते क्रमांक लिहायचे ते सांगणाऱ्या. त्यांना नाव पडलं 'आकोर्देओन', शाळेतली पोरं कॉपीसाठी घड्या घालून नेतात तशी चिठ्ठी. त्यावरची तक्रार निवडणूक न्यायाधिकरणापर्यंत गेली आणि फेटाळली गेली. माझ्या वहीतल्या शब्दकोशात एका शब्दाची भर पडली.

आणि या वेळी मोजणी केंद्रावर झाली नाही. शेजाऱ्यांनी मतपत्रिका फक्त वेगळ्या करून पिशव्यांत भरल्या, मोजणी जिल्हा कार्यालयात. रात्री कामावरून येताना सवयीने शाळेकडे पाहिलं. फाटकावर फक्त पालक सभेची सूचना होती.