चक हेगल यांनी इराक युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं, मग त्यांना युद्धविरोधक का म्हणतात?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या नेब्रास्का राज्याचे रिपब्लिकन सिनेटर चक हेगल यांनी २००२ साली इराकवर हल्ल्याची परवानगी देणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला आणि पुढे त्याच युद्धावर सडकून टीका केली, तर त्यांचं मत खरंच बदललं की वारं फिरलं म्हणून ते बोलायला लागले?

माझ्या मते त्यांना युद्धविरोधक म्हणणं बरोबर नाही आणि संधिसाधू म्हणणं तर साफ चूक आहे. शंका त्यांना पहिल्या दिवसापासून होत्या आणि त्या त्यांनी उघड बोलूनही दाखवल्या. मत मात्र त्यांनी बराच काळ उलटं दिलं. बोलणं आणि मत यांची गाठ पडायला जवळपास साडेचार वर्षं गेली, आणि त्या वर्षांत तिकडे माणसं मरत होती. ठपका ठेवायचाच तर त्या साडेचार वर्षांबद्दल ठेवायला हवा.

आपल्या सवयीने सिनेटकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाकडे, पाहिलं की इथे गोंधळ होतो. आपल्याकडे पक्षाने व्हिप काढला की खासदाराला त्याप्रमाणे मत द्यावंच लागतं, नाहीतर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली खासदारकी जाऊ शकते. बरीचशी कामं तर आवाजी मतदानानेच उरकतात. त्यामुळे आपल्या भागाच्या खासदाराने अमुक विधेयकावर काय मत दिलं, हे आपण सहसा विचारतही नाही. सिनेटमध्ये पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाचं पद जात नाही, आणि महत्त्वाच्या मतदानात बहुतेक वेळा एकेकाचं नाव पुकारून हो की नाही ते नोंदवलं जातं. म्हणून तिथलं मत ज्याचं त्याच्याच खात्यावर जमा होतं.

आता २००२ कडे येऊ. बुश सरकारने सप्टेंबरमध्ये पाठवलेला पहिला मसुदा फारच ऐसपैस होता. केवळ इराकपुरती परवानगी न मागता त्या संपूर्ण प्रदेशात शांतता आणि सुरक्षा प्रस्थापित करण्यासाठी बळ वापरायची मुभा त्यात मागितली होती. हेगल, डेमोक्रॅट जो बायडन आणि रिपब्लिकन रिचर्ड लुगर यांनी मिळून त्याऐवजी आखूड दोरीचा मसुदा तयार करायचा प्रयत्न केला. सद्दामकडची शस्त्रं काढून घेणं एवढ्यापुरतीच परवानगी, असा त्याचा रोख होता. पण तिकडे प्रतिनिधिगृहातल्या, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहातल्या, डेमोक्रॅट नेत्याने बुश यांच्याशी परस्पर समझोता केला आणि हा प्रयत्न तिथेच बारगळला.

मतदानाच्या दोन दिवस आधी, ९ ऑक्टोबरला, हेगल यांनी सभागृहात भाषण केलं. ते आज वाचलं की अंगावर काटा येतो. इराकचा इतिहास, तिथले लोक, अरब जगातलं त्याचं स्थान आपल्यापैकी किती जणांना खरोखर ठाऊक आहे, असं त्यांनी विचारलं. बळजबरीने लोकशाही लादणं हा जुगार आहे, असंही म्हटलं. सद्दामनंतरच्या इराककडे आपण सावधपणे, वास्तव ओळखून आणि थोडं नम्र होऊन पाहिलं पाहिजे, असा सल्ला दिला. पुढच्या पाच वर्षांत जे जे बिघडलं त्याची जवळजवळ यादीच त्या भाषणात आहे. आणि ११ ऑक्टोबरला, मध्यरात्र उलटून गेल्यावर झालेल्या मतदानात त्यांनी 'हो' म्हटलं. ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला. 'नाही' म्हणणाऱ्यांत रिपब्लिकन एकच होता, ऱ्होड आयलंडचा लिंकन चेफी.

अनेकजण म्हणतात की निवडणूक तोंडावर होती, काय करणार बिचारे. हेगल यांच्या बाबतीत ही सबब टिकत नाही. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला ते सुमारे ८३ टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले. एवढी भक्कम जागा असलेल्या माणसाला एका मताची भीती बाळगायचं काही कारण नव्हतं. त्यांची बाजू अशी होती की अध्यक्षाच्या मागे संसद उभी दिसली तर संयुक्त राष्ट्रांत दबाव वाढेल आणि युद्ध टळेलही. बाजू प्रामाणिक असेल, पण मला ती पटत नाही. ठरावात युद्धाआधी पुन्हा संसदेकडे यायची अट नव्हती. ज्याला धोका कळला नव्हता त्याच्यापेक्षा, कळूनही परवानगी देणाऱ्याची जबाबदारी जास्त, असं मी मानतो. त्याच डिसेंबरात हेगल आणि बायडन उत्तर इराकच्या कुर्द भागात जाऊन आले आणि अमेरिकेला तिथे दहा वर्षं गुंतून पडावं लागेल अशा आशयाचा लेख दोघांनी मिळून वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिला. म्हणजे चित्र त्यांना स्पष्ट दिसत होतं.

२००३ ते २००६ या काळात त्यांची जीभ धारदार होत गेली. २००५ च्या जूनमध्ये त्यांनी म्हटलं की व्हाइट हाउसचा वास्तवाशी पूर्ण संबंध तुटलाय आणि हे लोक जाता जाता काहीबाही रचत चाललेत. ऑगस्टमध्ये त्यांनी इराकची तुलना व्हिएतनामशी केली, जी त्या काळी रिपब्लिकन माणसाने करणं म्हणजे पक्षात वैर ओढवून घेणं होतं. नोव्हेंबरमध्ये ते म्हणाले की सरकारला प्रश्न विचारणं हा देशद्रोह नाही, प्रश्न न विचारणं हाच देशाशी द्रोह आहे. पण मतांची नोंद काढा. युद्धखर्चाच्या पैशाला ते हो म्हणत राहिले. जून २००६ मध्ये सैन्य परत आणण्याबाबत डेमोक्रॅटांनी दोन दुरुस्त्या आणल्या, तेव्हा दोन्हींना त्यांनी विरोध केला. बाहेर इतकं बोलणाऱ्या माणसाकडून आत दुसरी अपेक्षा होती.

व्हिएतनामचं नाव त्यांच्या तोंडी उगाच येत नव्हतं. १९६८ मध्ये ते आणि त्यांचा धाकटा भाऊ टॉम मेकाँगच्या खोऱ्यात एकाच तुकडीत होते. एकदा चक यांच्या छातीत स्फोटाचे तुकडे घुसले तेव्हा टॉमने रक्त थांबवलं. पुढे त्यांच्या चिलखती गाडीखाली सुरुंग फुटला तेव्हा स्वतः भाजलेल्या चक यांनी टॉमला जळत्या गाडीतून ओढून बाहेर काढलं. परत आल्यावर टॉम त्या युद्धाचा कडवा टीकाकार झाला. चक मात्र किती तरी वर्षं त्या युद्धाची बाजू घेऊन भावाशी वाद घालत राहिले. अध्यक्ष जॉन्सन यांच्या १९६४ सालच्या टेलिफोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती खुल्या झाल्या, आणि हे युद्ध जिंकता येणार नाही असं मनात असूनही ते मुलांना पाठवत होते हे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर आपलं मत फिरलं, असं चक यांनी सांगितलंय. इराकबद्दलच्या त्यांच्या रागाचं मूळ मला इथे दिसतं.

१० जानेवारी २००७ ला बुश यांनी आणखी २१,५०० सैनिक पाठवायची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राईस सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीपुढे आल्या तेव्हा हेगल त्यांना तोंडावर म्हणाले की हे पाऊल पुढे रेटलं तर व्हिएतनामनंतरची ती या देशाची परराष्ट्र धोरणातली सगळ्यात घातक चूक ठरेल. २४ जानेवारीला परराष्ट्र संबंध समितीत या वाढीविरुद्धच्या ठरावावर मतदान होतं. ठराव बंधनकारक नव्हता, फक्त मत नोंदवणारा होता, आणि तो बायडन यांच्याबरोबर मांडणाऱ्यांत हेगल स्वतः होते. त्या दिवशीचं त्यांचं बोलणं मिळालं तर अवश्य पाहा. आपण पाठवतोय ती मुलं म्हणजे उसळीसाठी मोजून घ्यायचे दाणे नाहीत, खरेखुरे जीव आहेत, अमेरिकी जिवांचा हा पिंगपाँगचा खेळ चाललाय, आणखी बावीस हजार जणांना त्या चरकात घालण्याआधी आपण काय करतोय हे आपल्याला नक्की ठाऊक हवं, असं ते आवाज चढवून बोलत होते. मग समितीतल्या सहकाऱ्यांकडे वळून म्हणाले, बिनधोक नोकरी हवी असेल तर जाऊन चपला-बूट विका. ठराव १२ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. बाजूने मत देणारे रिपब्लिकन ते एकटेच होते.

आणि लगेच पुढचं मतदान पाहा. ५ फेब्रुवारीला रिपब्लिकन सिनेटर जॉन वॉर्नर यांचा तशाच आशयाचा ठराव चर्चेला घ्यायचा की नाही यावर मत झालं. सिनेटमध्ये अडवणूक मोडायला ६० मतं लागतात, मिळाली ४९. ज्यांचा ठराव त्या वॉर्नर यांनीच विरोधात मत दिलं, आणि त्या ठरावाच्या पाठीराख्या हेगल यांनीही! चर्चा कुठल्या नियमांनी व्हावी यावरून दोन पक्षांत भांडण होतं, त्यात हे दोघे आपल्या पक्षाच्या नेतृत्वाबरोबर राहिले. बाहेर लोकांनी कपाळावर हात मारला. १७ फेब्रुवारीला, शनिवारी सभागृह बोलावून पुन्हा प्रयत्न झाला तेव्हा मात्र हेगल यांच्यासह सात रिपब्लिकन बाजूने गेले, ५६ विरुद्ध ३४. तरीही ६० काही झाले नाहीत. कुणी तुम्हाला '५ फेब्रुवारीला हेगल युद्धाच्या बाजूने होते' असं सांगितलं तर ते मत ठरावावर नव्हतं, चर्चा सुरू करण्यावर होतं, हे लक्षात असू द्या. तरी मला ते खटकतं. बारा दिवसांपूर्वी इतरांना बूट विकायला सांगणाऱ्याने त्या दिवशी नियमांच्या आड जायला नको होतं.

त्यांचं खरं वजनदार मत मार्चमधलं. १५ मार्चला सैन्यवापसीचं वेळापत्रक घालून देणारा ठराव ४८ विरुद्ध ५० ने पडला, आणि हेगल विरोधात होते. बारा दिवसांनी तसंच वेळापत्रक युद्धखर्चाच्या पुरवणी विधेयकातून आलं: कायदा झाल्यापासून १२० दिवसांच्या आत सैन्य काढायला सुरुवात आणि ३१ मार्च २००८ पर्यंत पूर्ण वापसीचं उद्दिष्ट. मिसिसिपीचे रिपब्लिकन सिनेटर थॅड कॉक्रन यांनी ते कलम वगळायची दुरुस्ती आणली. २७ मार्चला ती ४८ विरुद्ध ५० ने फेटाळली गेली. हेगल आणि ऑरेगनचे गॉर्डन स्मिथ, या दोन रिपब्लिकनांनी कॉक्रन यांना साथ दिली नाही.

आता गणित करा. एकट्या हेगल यांनी बाजू बदलली असती तर ४९-४९ अशी बरोबरी झाली असती. बरोबरी फोडायचं मत उपाध्यक्षाचं, आणि उपाध्यक्ष होते डिक चेनी. वेळापत्रक तिथेच कापलं गेलं असतं. बाकीच्या डझनभर मतांत हेगल हो म्हणाले काय नि नाही म्हणाले काय, निकाल तोच लागला असता. या एका मताने निकाल ठरला. २६ एप्रिलला अंतिम विधेयक ५१ विरुद्ध ४६ ने संमत झालं, तेव्हाही हे दोघे बाजूने होते. १ मे रोजी बुश यांनी नकाराधिकार वापरला आणि तो मोडायला लागणारं दोन तृतीयांश बहुमत प्रतिनिधिगृहात जमलं नाही.

म्हणजे हेगल आता पूर्ण पलीकडे गेले, असं समजू नका. मे महिन्यात युद्धाचा पैसाच तोडायचा डेमोक्रॅट सिनेटर फाइनगोल्ड यांचा प्रस्ताव २९ विरुद्ध ६७ ने पडला, त्याला हेगल यांचा विरोध होता. २४ मे रोजी वेळापत्रक गाळून आलेल्या खर्चाला ८० जणांनी मान्यता दिली, त्यात हेगल आहेत. विरोधातल्या १४ जणांत हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा होते. रणांगणावर उभ्या असलेल्या सैनिकाचा पैसा तोडायचा नाही, धोरणाला मुदत घालायची, अशी त्यांची रेघ होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत ओलांडली नाही. जुलै आणि सप्टेंबरमध्ये सैनिकांना युद्धावरच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये पुरेशी विश्रांती देण्याच्या डेमोक्रॅट सिनेटर जिम वेब यांच्या दुरुस्तीलाही त्यांनी पाठिंबा दिला. ती दोन्ही वेळा ५६ वर अडली. ही मतं मला त्यांच्या स्वभावाला सगळ्यात साजेशी वाटतात.

किंमत मोजली का? मोजली. नेब्रास्कात पक्षातूनच त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा राहायच्या तयारीत होता. १० सप्टेंबर २००७ ला ओमाहात त्यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं.

तुम्ही शेवटी विचारलंय की जादा सैन्य पाठवल्यावर हिंसाचार कमी झाला, मग हेगल खोटे पडले का. नेमकं हेच ३१ जानेवारी २०१३ ला रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅक्केन यांनी त्यांना विचारलं. ओबामा यांनी हेगल यांना संरक्षणमंत्रिपदासाठी नेमलं होतं आणि सुनावणी चालली होती. तुम्ही बरोबर होता की चूक, हो की नाही सांगा, असा मॅक्केन यांचा आग्रह होता. हेगल यांनी हो-नाही द्यायला नकार दिला, निवाडा इतिहासावर सोडतो म्हणाले. मॅक्केन यांनी सुनावलं की इतिहासाने निवाडा केलाय आणि तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. माझं मत विचाराल तर हिंसाचार घटला हे खरं, पण हेगल यांचा मुख्य आक्षेप वेगळा होता. इराकचा प्रश्न सैन्याने सुटणारा नाही, तो इराकी लोकांच्या राजकीय समझोत्याने सुटेल, असं ते २००६ पासून म्हणत होते, आणि २०१४ मध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती गेलं तेव्हा त्या समझोत्याची अवस्था सगळ्यांनी पाहिली. तेव्हा संरक्षणमंत्री हेगलच होते.

नेमणुकीला २६ फेब्रुवारी २०१३ ला ५८ विरुद्ध ४१ ने मंजुरी मिळाली होती. बाजूने मत देणारे रिपब्लिकन चारच. त्यातले एक होते माइक जोहान्स, हेगल यांच्याच जागेवर निवडून आलेले. आणि दुसरे थॅड कॉक्रन, ज्यांची दुरुस्ती २००७ मध्ये हेगल यांच्या मतामुळे पडली होती.