ओरडले तर ‘चढली’, विचारलं तर ‘ढिली’

नुकत्याच वरच्या जागेवर बसलेल्या बायका माझ्याकडे हमखास एक प्रश्न घेऊन येतात: पुरुषांसारखं कडक वागल्याशिवाय माणसं ऐकतच नाहीत का? चोपड्याकडच्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

केळीच्या पॅकहाउसवर फण्या धुण्यापासून वजनापर्यंत सगळं करत त्या सुपरवायझर झाल्या. हाताखाली २२ माणसं, निम्मे पुरुष. कुठल्या मळ्यातली कापणी आधी, गाडी कधी भरायची, हे त्या सगळ्यांना विचारायच्या. मागून ऐकू आलं, “बाईला स्वतःचं काही सुचत नाही.” मग आधीच्या सुपरवायझरभाऊंसारखं ओरडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कापणीवाले तिघं आलेच नाहीत.

“आते काय करू मॅडम?” रुमालाची वळकटी करणाऱ्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते.

ॲलिस ईगली आणि ब्लेअर जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली या विषयावरचे ढीगभर अभ्यास एकत्र तपासले. बायका सरासरीने थोड्या जास्त विचारून चालतात, असं दिसलं. २०१४ सालच्या तशाच एका तपासणीत बायका आणि पुरुष वरिष्ठांना कामगिरीसाठी मिळालेल्या गुणांत एकूण फरक आढळला नाही. पुरुष स्वतःला जास्त गुण देत होते. इतरांनी दिलेले गुण बायकांचे जास्त होते. हे सांगितल्यावर ताई पहिल्यांदा हसल्या. मात्र हुकूम सोडणाऱ्या बाईला लोक तसंच वागणाऱ्या पुरुषापेक्षा कमी लेखतात, हेही अभ्यासांत दिसलंय. अन्यायच आहे. पण ते तिघं का फिरकले नाहीत, त्याचा थोडा उलगडा होतो.

मग म्हटलं, “परवा काय बोललात, जसंच्या तसं सांगा.”

“भाऊ, उद्या लवकर येता का? बघा, जमलं तर.”

यात विचारणं कुठे संपलं आणि ठरलं काय, मलाच कळेना. खोट विचारण्यात नव्हती, ते अर्धवट सोडण्यात होती. (कितीतरी पुरुष अधिकारीही असंच बोलतात, त्यांना कुणी ‘बाईमाणूस’ म्हणत नाही.) मग एकच वाक्य घोटलं: “तुमचं सगळ्यांचं ऐकलं. उद्या कापणी साडेपाचला, खालच्या मळ्यापासून.” सात-आठदा म्हटलं, तरी शेपटाला “चालेल ना?” यायचंच.

महिन्याने फोन आला. “चालेल ना” अजून निसटतं म्हणाल्या. न आलेल्या त्या तिघांतला सगळ्यात वाकडा गडी त्यांना ताई म्हणत नाही, नुसतं ‘ओ’ करतो. साडेपाचला मात्र बांधावर असतो.