गाडीचा आराम तासवड्याच्या टोलनाक्यानंतर कळतो

प्रश्न असा आहे: 'पुण्याहून वर्षातून पाच-सहा वेळा सावंतवाडीला जातो, अधूनमधून समृद्धीने नागपूरला. आम्ही दोघं, दोन मुलं आणि गुडघे दुखणारी आई. 15 लाखांपर्यंत लांबच्या प्रवासाला आरामदायी गाडी कोणती? सनरूफवालं मॉडेल घ्यावं का?'

माझंही गाव तिकडचंच. त्यामुळे हा रस्ता मला पाठ आहे, आणि माझ्या पाठीलाही.

मागची गाडी घेताना मी शोरूममध्ये बसलो, सीट सोफ्यासारखी मऊ लागली, तीन किलोमीटरची टेस्ट ड्राइव्ह मारली आणि बुकिंग करून टाकलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक निवडीची होती. पहिल्याच फेरीत खेड-शिवापूर, आणेवाडी हे सुरुवातीचे टोलनाके मजेत गेले. कराडजवळच्या तासवड्याला मी सीटमध्ये चुळबुळ करायला लागलो. कोल्हापूरच्या अलीकडचा किणीचा नाका येईपर्यंत उजवी मांडी आणि कंबर अशी भरून आली की कडेला गाडी लावून पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. आंबोली अजून लांबच होती.

दोष होता सीटच्या लांबीत. मांडीखाली आधार नसला की सगळं वजन कुल्ल्यांवर येतं, माणूस हळूहळू पुढे घसरतो आणि कंबरेची कमान होते. आता मी पाठ पूर्ण टेकवून बसतो आणि गुडघ्याची मागची बाजू व सीटची कड यांच्यात बोटं घालून बघतो. तीन-चार बोटं मावली तर ठीक. वीतभर जागा उरली तर ती गाडी शहरातच बरी. बायको उंचीने कमी असेल आणि तीही चालवत असेल तर तिलाही हेच करायला लावा. तिच्या पोटरीला कड टोचता कामा नये. स्टिअरिंग वर-खाली बहुतेकांचं होतं, मागे-पुढेही होतं का ते पाहा. आणि क्लचच्या डावीकडे पाय टेकायला जागा आहे का, हे तर जवळपास कुणीच बघत नाही.

आता आई. हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तुम्ही तो जाता जाता लिहिलाय. सेडानमध्ये बसताना खाली पडल्यासारखं होतं आणि उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. उंच एसयूव्हीत चढायचंच संकट. दुखऱ्या गुडघ्याला सोपं म्हणजे आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. त्यासाठी सीट साधारण कुल्ल्याच्या उंचीला हवी आणि दार ऐसपैस उघडायला हवं. आईंना शोरूमला घेऊन जा, चार वेळा चढ-उतार करू दे. सेल्समन चुळबुळेल, चुळबुळू दे.

चाकांबद्दल थोडं. वरच्या व्हेरियंटला मोठी अलॉय व्हील्स येतात, फोटोत झकास दिसतात. पण टायरवर 205/65 आर 16 असं लिहिलेलं असतं, त्यातला 205 म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी आणि 65 म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. इथे ती सव्वातेरा सेंटीमीटर येते. 215/55 आर 17 ला पावणेबारा. हे दीड सेंटीमीटर रबर आणि हवा म्हणजेच सातारा-कागल रस्तारुंदीकरणाच्या डायव्हर्जनवर तुमच्या आणि खड्ड्याच्या मधली गादी. मी खालचं व्हेरियंट घेईन.

पण फार मऊ सस्पेन्शनही नको. गावातल्या स्पीडब्रेकरवर ते लोण्यासारखं वाटतं, आणि आंबोलीच्या वळणांवर गाडी डोलायला लागली की मागच्यांना गाडी लागते. मुलांना तो त्रास असेल तर खिडक्या मोठ्या असलेली गाडी बघा. बाहेरचं दिसत राहिलं की पोट शांत राहतं. आवळासुपारी वगैरे त्यानंतर.

समृद्धीचं गणित वेगळं. 701 किलोमीटरचा सिमेंटचा सरळ रस्ता, मोकळ्या पट्ट्यात 120 ची मर्यादा. तिथे त्रास खड्ड्यांपेक्षा टायरच्या एकसुरी घरघराटाचा. शंभरच्या वेगात मागच्या सीटवरच्या आईशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. क्रूझ कंट्रोलने, म्हणजे गाडी ठरवलेला वेग आपणच राखते त्या सोयीने, पायाला खरंच आराम मिळतो, पण झोपही त्यानेच येते, तेव्हा दीड-दोन तासांनी उतरायचंच. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा.

नावंच हवी असतील तर तुमच्या घरासाठी मी एर्टिगा पहिली बघेन. बसायची उंची सोयीची, मधली रांग मागे-पुढे सरकते, पाठही थोडी रेलते. तिसरी रांग पाडली की आंब्याच्या पेट्या मावतात. जुनी गाडी चालत असेल तर बजेटमध्ये इनोव्हा क्रिस्टा मिळू शकते. चढायला उंच आहे, पण एकदा बसलं की आईच गाडीतून उतरायला तयार होणार नाहीत. डिझेल घेतलंत आणि एरवी गाडी फक्त ऑफिसपर्यंतच जाणार असेल तर बीएस 6 (म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांचा धुराचा फिल्टर तुंबतो, एवढं लक्षात ठेवा.

आणि ठरवण्याआधी तेच मॉडेल सेल्फ-ड्राइव्ह भाड्याने एक दिवस घ्या. सगळं घर, सगळं सामान भरून कराडपर्यंत जाऊन या. भाडं, इंधन आणि सगळ्यांचं जेवण धरूनही विम्याच्या एका हप्त्यापेक्षा स्वस्त पडेल.

सनरूफ माझ्या त्या गाडीला होतं. पहिल्या महिन्यात मुलांनी उघडलं, आणि नंतर एका पावसाळ्यात आंबोलीतली पानं त्याच्या खाचेत अडकली म्हणून मी उघडलं.