‘गस्टो’ कुठे शोभतो?

प्रश्न : माझ्या मुलीने नोकरीच्या अर्जात लिहिलं, ‘आय ॲम वेटिंग विथ ग्रेट गस्टो टु जॉइन युअर कंपनी.’ शब्दकोशात गस्टो म्हणजे उत्साह असंच दिलंय. तिचा भाऊ मात्र म्हणतो, हे वाक्य काढ, वाचणारे हसतील. व्याकरणाची चूक तर दिसत नाही. मग बिघडलं कुठे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : व्याकरण ठीक आहे, तरी भावाचं ऐका. वाट पाहताना मनात जो उत्साह असतो, त्याला गस्टो म्हणत नाहीत. गस्टो दिसतो तो काम चालू असताना, समोरच्याच्या डोळ्याला आणि कानाला. कुणी ताटावर तुटून पडलंय, कुणी खुल्या गळ्याने गातंय, कुणी पोट धरून हसतंय, तिथे ‘विथ गस्टो’ येतं. अजून सुरूच न झालेल्या नोकरीला ते चिकटत नाही.

गणपतीतली आरती आठवा. मोठी माणसं पुस्तकात बघून ओठ हलवत असतात. एखादा चौथी-पाचवीतला मुलगा मात्र झांज छातीशी धरून, डोळे मिटून, मानेच्या शिरा ताणून गात असतो. अवघड समास आला की त्याच्या तोंडी भलतेच शब्द येतात, पण आवाज तसूभर खाली येत नाही. विठ्ठलाच्या आरतीत सूर लांबवायची वेळ आली की तो दम संपेपर्यंत सोडत नाही. त्याची भक्ती किती, हे मी सांगू शकत नाही. गस्टो मात्र काठोकाठ.

कॉलेजात इंग्रजी शिकवताना हा शब्द आला की मी त्याच्या मुळापाशी थांबायचे, कारण तिथे खरा उलगडा होतो. इटालियनमध्ये ‘गुस्तो’ म्हणजे चव. आजही तिथे आइस्क्रीमच्या दुकानात कोणता गुस्तो हवा, असं विचारतात. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा चव, आवड असाच त्याचा अर्थ होता. आस्वादातली रंगत पुढे ठळक झाली. त्याचा लॅटिन पूर्वज ‘गुस्तुस’. ‘डिसगस्ट’मध्येही तोच बसलाय : तोंडाची चव गेली की किळस. आपल्या संस्कृतातला ‘जुष्’ धातू त्याच कुळातला. वेदांत देवाला ‘जुषस्व’ म्हणतात, म्हणजे हे आवडीने स्वीकार. (जोश मात्र या घरातला नव्हे. तो फारसीतून आला, मूळ अर्थ उकळी. वाऱ्याचा झोत या अर्थाचा ‘गस्ट’ही वेगळा, तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला.)

विल्यम हॅझलिट या इंग्रज समीक्षकाने 1816 साली या एका शब्दावर अख्खा निबंध लिहिला. चित्रकार तिशियनने रंगवलेल्या अंगकांतीत गस्टो आहे, व्हॅन डाइक या दुसऱ्या चित्रकाराच्या रंगात तो नाही, असं तो ठणकावून सांगतो. व्हॅन डाइकचा रंग खरा आहे, शुद्ध आहे, हे मान्य करूनही. तिशियनची त्वचा नुसती दिसत नाही, तिला स्पर्शाची जाणीव आहे असं वाटतं. एका इंद्रियावरचा ठसा दुसऱ्याला जागं करतो, तो गस्टो. मला हा निबंध फार प्रिय आहे. बिनचूक असूनही एखादं गाणं किंवा भाषण अळणी का लागतं, हे त्यातून कळतं.

आता मराठीत काय म्हणायचं? एकटा ‘उत्साह’ लिहून मोकळं होणं मला पटत नाही. जेवणाच्या वाक्यात ‘मिटक्या मारत’, गाण्याच्या वाक्यात ‘तब्येतीत’ किंवा ‘खुल्या गळ्याने’, वादाच्या वाक्यात ‘हिरीरीने’. ‘चवीने’ सगळ्यात जवळचा, पण माणूस कोपऱ्यात बसून गुपचूपही चवीने वाचतो. गस्टोला थोडा दणका लागतो. दुसऱ्याची भानगड चवीने सांगणं मात्र दोन्ही भाषांत सारखंच चालतं. म्हणजे हा शब्द चांगल्याच कामाला लागतो असं नाही. म्हणूनच जिथे समोरच्याला वेदना आहे, तिथे जपून. सर्जनने ‘विथ गस्टो’ शस्त्रक्रिया केली असं लिहिलं, तर त्याला चिरफाडीत मजा येते असा अर्थ निघेल.

एवढं लक्षात ठेवा की हा शब्द बहुतेक वेळा ‘विथ’चा हात धरूनच येतो, आणि त्याचं अनेकवचन सहसा करत नाहीत. ध्येयाने झपाटलेल्या माणसाच्या उत्साहाला इंग्रजीत ‘झील’ म्हणा, आयुष्यातला रस सांगायला ‘झेस्ट’.

मुलीच्या अर्जात ‘आय ॲम कीन टु जॉइन’ पुरेसं आहे, आणि पुढे ‘बिकॉज’ घालून त्या कंपनीतलं नेमकं कोणतं काम तिला करायचंय ते लिहू दे. ‘वेटिंग’ही काढा, त्यात उतावीळपणा दिसतो. गस्टो हवाच असेल तर तो शिफारसपत्रासाठी ठेवा. तिच्या सरांनी ‘शी टुक पार्ट इन स्ट्रीट प्लेज विथ गस्टो’ असं लिहिलं तर ते शोभेल, कारण त्यांनी तिला भर चौकात पथनाट्य करताना पाहिलेलं असेल.