अल्बमचे सॉफ्टवेअर आणि मुलीची एसआयपी

नाशिकरोड येथे पतीसमवेत छायाचित्रणाचा स्टुडिओ चालवणाऱ्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षाला साधारण तीस लग्ने आणि काही बारशी-वाढदिवस मिळून त्यांच्याकडे नऊ लाख रुपये जमा होतात. दुकानात दोन संगणक आहेत आणि पंधरा हजार रुपये पगारावर एक मदतनीस आहे. संगणक जोडून देणाऱ्याने दोन्हींमध्ये फोटोशॉपची क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडून फुकट चालवलेली बेकायदा प्रत घालून दिली होती, ती आता त्यांना काढून टाकायची आहे. अधिकृत सदस्यत्वासाठी प्रत्येक संगणकामागे महिना हजार रुपये, म्हणजे वर्षाला चोवीस हजार रुपये लागतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाकरिता चालू असलेली दरमहा दोन हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक, थांबवावी, की गिंप, डार्कटेबल यांसारख्या ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या, छायाचित्र सुधारण्याच्या सॉफ्टवेअरकडे वळावे, असे त्या विचारतात.

ताई, एसआयपी थांबवू नका. सॉफ्टवेअरचा निर्णय काहीही झाला तरी हे उत्तर बदलणार नाही, म्हणून ते आधी सांगतो. दरमहा दोन हजार रुपये दहा वर्षे गुंतवले आणि वार्षिक दहा टक्के परतावा गृहीत धरला, तर सुमारे चार लाख दहा हजार रुपये होतात, ज्यात आपली मुद्दल दोन लाख चाळीस हजार असते. या परताव्याची हमी कोणी देत नाही, परंतु थांबवलेल्या एसआयपीतून काहीच जमणार नाही, हे निश्चित आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअर हा धंद्याचा खर्च आहे आणि तो धंद्यातूनच निघाला पाहिजे. चोवीस हजार रुपये तीस लग्नांवर वाटले तर एका लग्नामागे आठशे रुपये येतात. अल्बमच्या शीटचा दर वाढला की आपण तो ग्राहकाच्या बिलात धरता, मग सॉफ्टवेअरचा खर्च मुलीच्या नावावर का टाकायचा?

क्रॅक प्रत काढण्याचा आपला विचार पैशाच्या दृष्टीनेही योग्य आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३बी नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालयाला शिक्षेत सवलत देता येते, आणि आपला वापर तर धंद्यासाठीच आहे. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस आला आणि एखाद्या लग्नाच्या फाइल गेल्या, तर त्या घराला आपण काय भरपाई देणार?

आता ओपन सोर्सविषयी. ही सॉफ्टवेअर फुकट आहेत म्हणून व्यवसायात चालत नाहीत, असा एक गैरसमज आपल्या पत्रातही डोकावतो. गिंप ज्या परवान्याखाली मिळते, त्यात व्यावसायिक वापराला कोणतीही आडकाठी नाही. ते काल-परवाचेही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याचे काम सुरू केले, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत मूळ चित्राला धक्का न लावता फिल्टर लावण्याची व नंतर बदलण्याची सोय झाली, जी नसल्यामुळे अनेक छायाचित्रकार इतकी वर्षे त्याच्यापासून दूर राहिले होते. रॉ फाइलसाठी, म्हणजे कॅमेऱ्यातून येणाऱ्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलसाठी, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर कसदार आहेत. हळदीच्या मांडवातला पिवळी झाक काढणे किंवा हॉलमधल्या मिश्र प्रकाशात त्वचेचा रंग सावरणे ही कामे डार्कटेबलमध्ये उत्तम होतात. मात्र त्याची रीत फोटोशॉपच्याच कंपनीच्या लाइटरूमपेक्षा वेगळी असल्यामुळे पहिले काही आठवडे हात अडखळतो.

अडचण छायाचित्र सुधारण्यात येत नाही, अल्बमच्या टेबलावर येते. आपण लिहिले आहे की करिझ्मा अल्बमच्या (जाड छापील पानांच्या अल्बमच्या) शीट तयार पीएसडी टेम्प्लेटवर, म्हणजे फोटोशॉपच्या थर असलेल्या फाइलच्या साच्यावर, बसवल्या जातात आणि सिझनमध्ये काही अल्बम बाहेरच्या डिझायनरकडून पीएसडी स्वरूपातच येतात. गिंप पीएसडी फाइल उघडते, पण त्यातील मजकुराचे थर, समायोजनाचे थर आणि स्मार्ट ऑब्जेक्ट जसेच्या तसे उतरतील याची खात्री नसते. रात्री अकरा वाजता वधूच्या मामाचे नाव बदलायचे आहे आणि ते अक्षर आता केवळ चित्र होऊन बसले आहे, अशी वेळ आली तर वाचवलेले शुल्क त्या एका रात्रीत वाया जाते. सीएमवायकेचा, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीचा, मुद्दा मात्र मला आपल्या बाबतीत तितका मोठा वाटत नाही, कारण अल्बमच्या लॅब बहुधा पडद्याच्या रंगपद्धतीतील (आरजीबी) जेपीईजीच मागतात. पत्रिका आणि फ्लेक्सचे काम आपण घेत असाल तरच त्याचा विचार करावा लागेल.

या अडचणीचे रुपयांत मोजमाप करू. मदतनिसाचा पगार महिन्याच्या दोनशे तासांवर वाटला तर तासाला पंच्याहत्तर रुपये पडतात. गिंपमुळे प्रत्येक अल्बमला तीन तास जास्त लागले असे धरले, तर वर्षाचे नव्वद तास आणि सहा हजार सातशे पन्नास रुपये होतात. एका सदस्यत्वाचे बारा हजार त्याहून जास्त आहेत, म्हणजे कागदावर गिंप जिंकते. तरीही मी हा हिशेब अंतिम मानत नाही. आपल्या धंद्यात शेवटचा हप्ता अल्बम हातात दिल्यावर मिळतो. लग्नामागे दहा हजार बाकी धरली आणि सिझनमध्ये दहा अल्बम पंधरा-वीस दिवस रखडले, तर एक लाख रुपये तितके दिवस अडकतात आणि लॅबचे बिल व मदतनिसाचा पगार उसनवारीने भागवावा लागतो. तासाचे पंच्याहत्तर रुपये हा ऑगस्टचा भाव आहे, डिसेंबरचा नाही.

म्हणून माझे मत असे आहे की दोन सदस्यत्वे घेऊ नयेत आणि सगळे काम एकदम ओपन सोर्सवरही नेऊ नये. अल्बमच्या संगणकासाठी एकच सदस्यत्व घ्यावे, आणि निवड, रंगदुरुस्ती, जेपीईजी काढणे ही कामे दुसऱ्या संगणकावर डार्कटेबलमध्ये करावीत. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीच्या वैयक्तिक सदस्यत्वावर दोन संगणकांची नोंद करता येते, परंतु वापर त्याच व्यक्तीने आणि एका वेळी एकाच संगणकावर करायचा असतो. तेव्हा अल्बमचे टेबल कोणाचे, आपले की मदतनिसाचे, हे आधी ठरवा. खर्च वर्षाला बारा हजारांवर येईल, म्हणजे लग्नामागे चारशे रुपये. तीस हजारांच्या कामात ही रक्कम दीड टक्क्याहूनही कमी आहे आणि पुढच्या दरपत्रकात सहज बसते.

सदस्यत्व घेताना करार नीट वाचावा. वर्षभराचा करार करून दरमहा पैसे भरण्याची जी पद्धत आहे, ती महिन्याची वाटली तरी बांधिलकी वर्षाचीच असते. पहिल्या चौदा दिवसांनंतर मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम आकारली जाते. ही अट ग्राहकांपासून दडवली गेली, असा दावा करून अमेरिकेच्या न्याय विभागाने फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या आयोगाच्या शिफारशीवरून जून २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध खटला भरला. त्यामुळे ‘सिझनपुरते घेऊ आणि चातुर्मासात बंद करू’ हा बेत या करारात चालणार नाही. दरही कायम राहील असे समजू नका. २०१३ मध्ये कंपनीने फोटोशॉपच्या एकदाच विकत घ्यायच्या नव्या आवृत्त्या काढणे थांबवले, आणि जानेवारी २०२५ पासून छायाचित्रकारांची २० जीबी साठवणीची स्वस्त योजना नव्या ग्राहकांना देणे बंद केले. भाड्याच्या जागेत राहणाऱ्याने भाडेवाढीची तयारी ठेवावी, तसे वर्षाला दहा टक्के वाढ धरून चला.

अफिनिटी हे छायाचित्र सुधारण्याचे आणि मांडणीचे सॉफ्टवेअरही ऑक्टोबर २०२५ पासून विनामूल्य झाले आहे. ते वापरून पाहायला हरकत नाही, पण ते ओपन सोर्स नाही. मालक कंपनी कॅनव्हा उद्या अटी बदलू शकते.

‘कर वाचेल म्हणून दोन्ही सदस्यत्वे घ्या’ असे कोणी सुचवले असल्यास ते आपल्याला लागू होत नाही. आपण अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरता. तेथे जमेच्या आठ टक्के, आणि डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा मानला जातो आणि सॉफ्टवेअरसारखे खर्च वेगळे वजा करता येत नाहीत. वीस लाखांच्या आत असल्याने आपली जीएसटी नोंदणीही नाही, म्हणून सदस्यत्वावरील अठरा टक्के कर परत मिळणार नाही. दराची तुलना करताना तो धरूनच करावी.

येत्या सिंहस्थाच्या कामांच्या आशेने दुसरे सदस्यत्व आणि नवा संगणक घ्यावा का, असेही आपण विचारले आहे. मुख्य अमृतस्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. लेखी काम आणि ॲडव्हान्स हातात आल्यावर दुसरे सदस्यत्व एका दिवसात घेता येते, त्यामुळे आज त्यासाठी पैसे गुंतवण्याचे कारण नाही. त्याऐवजी जे वाचतील त्यातून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि प्रत्येक लग्नाच्या रॉ फाइल, शिवाय तयार शीटच्या टिफ किंवा जेपीईजी प्रती तीत ठेवा. सदस्यत्व संपले तर लाइटरूम क्लासिकमध्ये जुनी छायाचित्रे पाहता व बाहेर काढता येतात, पण सुधारणेचा विभाग बंद होतो. लाइटरूममध्ये केलेली सुधारणा डार्कटेबलमध्येही अर्धवटच येते.

सध्या चातुर्मास असल्याने हातात वेळ आहे. गेल्या सिझनमधली दोन लग्ने, एक दिवसाचे आणि एक रात्रीचे, घेऊन मदतनिसाकडून डार्कटेबल आणि गिंपमध्ये पुन्हा करून घ्या. निवडीला किती तास, रंगाला किती, शीटला किती आणि कोणते टेम्प्लेट कोठे मोडले, हे वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या लग्नाचा अल्बम तीन तासांहून कमी जादा वेळेत उतरला, तर नवी टेम्प्लेट गिंपमध्येच तयार करायला सुरुवात करावी. सदस्यत्व नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर आधीच मांडून ठेवा. त्या तारखेच्या महिनाभर आधी वहीतील आकडे मला कळवलेत, तर ते सदस्यत्व पुढे चालवायचे की नाही हे आपण त्यावरून ठरवू.